दोन शेजारी, दोन वाटा : कझाकस्तान आणि उझबेकिस्तान यांच्या अर्थव्यवस्थांची तुलना

ताश्कंद हे नाव आपल्याला अनोळखी नाही. १० जानेवारी १९६६ रोजी भारत आणि पाकिस्तान यांच्यातील करारावर तेथे सह्या झाल्या आणि त्याच रात्री लालबहादूर शास्त्री यांचे तेथे निधन झाले. त्या वेळी ताश्कंद ही सोव्हिएत संघराज्यातील एका घटक प्रजासत्ताकाची राजधानी होती. आज ती उझबेकिस्तान या स्वतंत्र देशाची राजधानी आहे. शहराबाहेर पडून उत्तरेकडे थोडेच मैल गेले की सरहद्द लागते आणि कझाकस्तान सुरू होतो. १९९१ पूर्वी ही सरहद्द म्हणजे केवळ नकाशावरची रेघ होती. दोन्ही बाजूंना एकच रूबल चालत होता आणि दोन्हीकडचे भाव, उत्पादनाची लक्ष्ये, कारखान्यांचा कच्चा माल हे सारे मॉस्कोत ठरत होते. नकाशावरची रेघ खरी झाली म्हणजे माणसांच्या व्यवहारात काय उलथापालथ होते, हे आपल्या सीमाभागातील वाचकांना वेगळे सांगायला नको.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या दोन देशांचा अभ्यास विशेष मोलाचा वाटावा, याचे कारण असे की आपल्या शास्त्राला प्रयोगशाळा नाही. रसायनशास्त्राचा विद्यार्थी दोन परीक्षानळ्यांत एकच द्रावण घेतो, एकीत एक पदार्थ घालतो, दुसरीत दुसरा, आणि काय फरक पडतो ते पाहतो. आपल्याला ती सोय नाही. परंतु १९९१ साली इतिहासाने जवळजवळ असाच एक प्रयोग मांडला. एकाच पद्धतीतून बाहेर पडलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाने घाईची वाट धरली, दुसऱ्याने सबुरीची. साहजिकच विद्यार्थी विचारतात, यांत शहाणा कोण ठरला? प्रस्तुत लेखात मला एवढेच दाखवायचे आहे की, या प्रश्नाचे उत्तर आपण तुलनेसाठी कोणते वर्ष निवडतो त्यावर अवलंबून आहे. आणि म्हणूनच ‘किंमत कोणी मोजली?’ हा दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय ही तुलना पुरी होत नाही.

आरंभीची स्थिती

प्रथम दोघांच्या शिदोरीकडे पाहू. कझाकस्तानचे क्षेत्रफळ सुमारे २७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे उझबेकिस्तानच्या सहापट. लोकसंख्या मात्र उझबेकिस्तानची अधिक. १९८९ च्या शिरगणतीत ती २ कोटींच्या घरात होती. कझाकस्तानात करागांदाचा कोळसा, तेमिरताऊचे पोलाद, उत्तरेकडील गहू आणि कास्पियन समुद्राजवळचे खनिज तेल होते. उझबेकिस्तानात कापूस, सोने आणि नैसर्गिक वायू. सोव्हिएत संघराज्याच्या एकूण कापसापैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक कापूस एकटा उझबेकिस्तान पिकवी.

या शिदोरीत एक महत्त्वाचा फरक दडलेला होता. कझाकस्तानचे उद्योग रशियाच्या उद्योगांत गुंतलेले होते. त्याच्या पश्चिम भागातील तेल नळांतून रशियात जाई, तर पूर्वेकडील पावलोदारच्या तेलशुद्धीकरण कारखान्याला तेल सायबेरियातून येई! एकाच देशातील विहीर आणि कारखाना यांची गाठ पडत नव्हती. सोव्हिएत योजना मोडली तेव्हा असे कारखाने एकदम उघडे पडले. कापसाचे तसे नव्हते. कापूस आणि सोने जगातल्या कोणत्याही बाजारात, रोख डॉलर घेऊन विकता येते. तेव्हा दोन्ही परीक्षानळ्यांत द्रावण अगदी एकच होते असे मानून चालणार नाही.

राज्यकर्ते मात्र एकाच साच्यातले होते. नूरसुलतान नजरबायेव आणि इस्लाम करीमोव हे दोघेही जून १९८९ मध्ये आपापल्या प्रजासत्ताकातील कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख झाले आणि पुढे दोघेही स्वतंत्र देशांचे अध्यक्ष म्हणून दीर्घकाळ टिकले. १९९३ साली रशियाने जुन्या नोटा रद्द केल्यावर या दोघांनीही एकाच दिवशी, १५ नोव्हेंबर १९९३ रोजी, रूबल सोडला. कझाकस्तानने ‘तेंगे’ हे चलन काढले. उझबेकिस्तानने आधी तात्पुरती कुपने काढली आणि १ जुलै १९९४ पासून ‘सोम’ सुरू केला. त्या वर्षी दोन्ही देशांत भाववाढ हजार टक्क्यांच्या वर गेली. येथपर्यंतची कहाणी एकच आहे. वाटा फुटल्या त्या यापुढे.

कझाकस्तानची घाई

कझाकस्तानने भाव मोकळे केले, अनुदाने तोडली आणि कारखाने विकायला काढले. एप्रिल १९९३ मध्ये तेंगीझ येथील प्रचंड तेलक्षेत्रासाठी शेव्हरॉन या अमेरिकन कंपनीशी भागीदारी झाली. १९९५ साली तेमिरताऊचा पोलाद कारखाना लक्ष्मी मित्तल यांच्या इस्पात समूहाने घेतला. १९९८ साली सरकारने निवृत्तिवेतनाची जुनी पद्धत बदलून प्रत्येकाच्या नावे वेगळी जमा ठेवणारी नवी पद्धत आणली. पूर्वीच्या सोव्हिएत देशांत हे धाडस त्याने प्रथम केले.

या घाईचे पहिले फळ कडू होते. १९९५ पर्यंत देशाचे उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी घटले. पगार आणि पेन्शन महिनोन् महिने थकले. ऐन हिवाळ्यात शहरांतली वीज जाऊ लागली. रशियन आणि जर्मन वंशाचे लाखो लोक देश सोडून गेले आणि १९९९ च्या शिरगणतीत लोकसंख्या दीड कोटीच्या आत आली. निघून जाणाऱ्यांत अभियंते होते, डॉक्टर होते, शिक्षक होते. कारखाना विकला तर त्याची किंमत तरी हाती येते; शिकलेला माणूस गेला की काहीच हाती येत नाही.

पुढे चित्र पालटले. २००१ साली कास्पियनच्या किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत नवी तेलवाहिनी सुरू झाली आणि त्याच सुमारास तेलाचे भाव चढू लागले. २००० ते २००७ या काळात राष्ट्रीय उत्पन्न दरसाल साधारण १० टक्क्यांनी वाढले. तेलाचा पैसा एकाच पिढीने खाऊन टाकू नये म्हणून २००० साली ‘राष्ट्रीय निधी’ स्थापन झाला. तेलाचे उत्पादन १९९० च्या सुमारास वर्षाला अडीच कोटी टन होते, ते २०२३ साली ९ कोटी टनांवर गेले.

उझबेकिस्तानची सबुरी

करीमोव सरकारने उलट धोरण धरले. मोठे कारखाने सरकारने आपल्याच हाती ठेवले. कापसाखालची काही जमीन गव्हाखाली आणून धान्याची आयात घटवली. गरिबांना मदत वाटण्याचे काम ‘महल्ला’ या पारंपरिक शेजारसंस्थेकडे सोपवले. कोणाच्या घरी खरोखर चूल पेटत नाही हे कचेरीपेक्षा गल्लीला अधिक ठाऊक असते, हा त्यामागील विचार. १९९६ साली आसाका येथे दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीबरोबर मोटारींचा कारखाना सुरू झाला आणि बाहेरच्या मोटारींवर जबर जकात बसवून त्याला संरक्षण देण्यात आले.

याचा परिणाम तज्ज्ञांना कोड्यात टाकणारा होता. सर्वांत कमी सुधारणा करणाऱ्या देशांत ज्याची गणना होत होती, त्या देशाची घसरण पूर्वीच्या सोव्हिएत देशांत सर्वांत कमी भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांनी याला ‘उझबेक कोडे’ असेच नाव दिले. कोड्याचा बराचसा उलगडा आरंभीच्या शिदोरीत आहे : कापूस, सोने, घरचे इंधन आणि कोसळण्याजोग्या अवजड उद्योगांचे कमी प्रमाण.

परंतु सबुरीलाही व्याज असते. १९९६ च्या अखेरीस कापसाचे पीक आणि भाव दोन्ही उतरल्यावर सरकारने परकीय चलनावर कडक नियंत्रण आणले. डॉलरचे एकाहून अधिक दर झाले. सरकारी मर्जीतल्या आयातदाराला डॉलर स्वस्त मिळे, इतरांना तो काळ्या बाजारात शोधावा लागे. हे चक्र कमीअधिक तीव्रतेने वीस वर्षे चालले. करीमोव यांच्या निधनानंतर अध्यक्ष झालेल्या शवकत मिर्झियोयेव यांच्या सरकारने ५ सप्टेंबर २०१७ रोजी दर एक केला, तेव्हा अधिकृत दर एका दिवसात सुमारे ४,२०० सोमांवरून ८,१०० सोमांवर गेला.

कोणत्या वर्षी मोजावे?

आता निकाल द्यायचा झाला तर काय होते ते पाहा. १९९६ साली हा लेख कोणी लिहिला असता तर त्याने उझबेकिस्तानला झुकते माप दिले असते. २००७ साली तोच लेखक कझाकस्तानची पाठ थोपटता. २०२३ ची आकडेवारी घेतली तर कझाकस्तानचे दरडोई उत्पन्न १३ हजार डॉलरच्या आसपास दिसते, उझबेकिस्तानचे ३ हजारांच्या आत. येथे निकाल लागला असे वाटेल. पण याच कझाकस्तानचे दरडोई उत्पन्न २०१३ साली जवळजवळ १४ हजार डॉलर होते आणि २०१६ साली ८ हजारांच्या खाली होते. तीन वर्षांत लोक निम्मे गरीब झाले काय? तेलाचा भाव उतरला, ऑगस्ट २०१५ मध्ये तेंगे मोकळा सोडावा लागला आणि डॉलरच्या मापाने उत्पन्न आखडले. उझबेकिस्तानातही २०१७ साली दर बदलताच डॉलरमधले राष्ट्रीय उत्पन्न खाली आले. शेतात कापसाचे एक बोंडही कमी पिकले नव्हते.

विद्यार्थी मित्रांना माझी सूचना अशी की, दोन देशांची तुलना वाचताना आकड्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : आरंभ कोठून झाला, मोजणीचे वर्ष कोणते आणि मापाची पट्टी कोणती. मोजणीचे वर्ष निवडणारा माणूस पुष्कळदा निकालही निवडून बसलेला असतो.

किंमत कोणी मोजली?

कझाकस्तानात किंमत मोजली ती पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांनी, बंद पडलेल्या कारखान्यांतील कामगारांनी आणि पुढे तेलाच्या गावांनी. झानाओझेन हे पश्चिमेकडील तेलाचे गाव. १६ डिसेंबर २०११ रोजी तेथे संपावरील कामगारांच्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहाहून अधिक माणसे मेली. जानेवारी २०२२ मध्ये मोटारींत वापरल्या जाणाऱ्या वायूचा भाव दुपटीने वाढताच पहिला उद्रेक झाला तो याच गावात. तो देशभर पसरला आणि दोनशेहून अधिक बळी पडले. ज्या गावाच्या जमिनीतून देशाची समृद्धी निघते, त्याच गावाला इंधनाचा भाव परवडू नये, यात त्या समृद्धीच्या वाटपाचा सारा हिशेब आला.

उझबेकिस्तानातील किंमत गोंगाट न होता वसूल झाली. शेतकऱ्याला किती जमिनीत कापूस लावायचा हे सरकार सांगे आणि ठरावीक वजन सरकारी भावाने घाली. लेव्हीची साखर ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रीत चटकन समजेल. महाराष्ट्रात १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेतही खरेदीदार एकटा सरकारच होता; पण तिचा घोषित हेतू शेतकऱ्याला चांगला भाव देण्याचा होता. उझबेक पद्धतीत मात्र जागतिक भाव आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव यांतील अंतर हेच सरकारचे उत्पन्न होते. वेचणीच्या दिवसांत शिक्षक, डॉक्टर आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांना शेतावर पाठवण्याची सोव्हिएत काळातली प्रथाही चालू राहिली. शरद ऋतूत वर्ग ओस पडत. त्या तरुणांच्या बुडालेल्या तासांची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात नाही. वेचलेल्या कापसाची मात्र आहे. २०२० साली सक्तीचा कोटा रद्द झाला, आणि २०२१ च्या हंगामात पद्धतशीर वेठबिगार संपल्याचे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने नोंदवल्यावर मार्च २०२२ मध्ये उझबेक कापसावरील आंतरराष्ट्रीय बहिष्कार उठला.

ज्यांना शेतात आणि कारखान्यांत पुरेसे मिळाले नाही ते लाखोंनी रशियात मजुरीला गेले. २०२३ साली परदेशांतील उझबेक कामगारांनी घरी पाठवलेली रक्कम ११ अब्ज डॉलरहून अधिक होती. आणि अरल समुद्राची किंमत दोघांनी मिळून मोजली. कापसासाठी नद्यांचे पाणी वळवल्याने तो आटला. कझाकस्तानने २००५ साली बांध घालून उत्तरेकडचा छोटा भाग वाचवला. दक्षिणेकडे बव्हंशी खारे वाळवंट उरले आहे.

समारोप

आज एक गमतीचा योग दिसतो. घाई करणारा कझाकस्तान हळूहळू सरकारी मालकीकडे झुकला. २००८ साली त्याने मोठ्या सरकारी कंपन्या एका छत्राखाली आणल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये कोस्तेंको कोळसा खाणीत ४६ कामगार मृत्युमुखी पडल्यावर तेमिरताऊचा कारखानाही परदेशी हातांतून काढून देशी मालकीत आणला गेला. सबुरी धरणारा उझबेकिस्तान २०१७ पासून बाजार मोकळे करण्याच्या घाईत आहे. एकाने टाकलेली वाट दुसरा चालू लागला आहे.

तेव्हा घाई की सबुरी, हा वाद मला दुय्यम वाटतो. दोन्ही वाटांवर ज्यांना विचारले गेले नाही त्यांच्याकडूनच वसुली झाली : एका देशात ती महागाई आणि थकलेल्या पगारातून, दुसऱ्यात कापसाच्या भावातून. धोरण ठरवण्याच्या बैठकीत तेमिरताऊचा कामगार नव्हता आणि फरगाणा खोऱ्यातला शेतकरीही नव्हता. अर्थव्यवस्थेची परीक्षा वाढीच्या दराने घ्यावीच. पण ती वाढ कोणाच्या ताटातून काढून कोणाच्या ताटात वाढली, हे पाहिल्याशिवाय त्या परीक्षेचे गुण जाहीर करू नयेत.