लिंबाचा पाला पेटवू नकोस

चि. सोन्यास,


परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, की अंगणातल्या कडुलिंबाचा पाला रोज संध्याकाळी झाडून पेटवतोस. तेव्हापासून मनाला चैन नाही.

उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड करावा, असा राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे. पण दंडाच्या भीतीने नको, आपल्या मातीकडे बघून थांब. सोलापुरात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआडच येतं. उघडी काळी माती उन्हाने तडकते. तिच्यावर चार बोटं पाला पसर, खोडापासून वीतभर लांब. खाली हात घालून बघ, ओल टिकलेली लागेल. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ या आपल्या उपक्रमातून हेच शिकवलं: पालापाचोळा, उसाचं चिपाड यांतून माती घडवता येते. शहरातल्या गच्च्यांवरही त्यातून बागा उभ्या राहिल्या.

उरलेल्या पाल्याचं खत कर. यात मी एकदा सपशेल फसले होते. त्याच अंगणात खड्डा खणून तोंडोतोंड कोरडा पाला दाबला आणि विसरले. पावसाळ्यापूर्वी उकरला, तर पानं होती तशीच, कुरकुरीत. नुसती सुकी पानं कुजत नाहीत रे. त्यांना ओल हवी, हवा हवी आणि भाजीच्या देठांसारखं काही हिरवं हवं. तळाला काटक्या घाल, म्हणजे हवा खेळते. मग दोन-तीन घमेली पाला, एक घमेलं ओला कचरा आणि वरून थोडा शेणकाला, असे थर लाव. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणीच शिंपड, नळाचं नको. मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. खड्डा सावलीत घे, वर ओलं गोणपाट टाक, पंधरा दिवसांनी वरखाली कर. नीट ओल ठेवलीस तर तीन-चार महिन्यांत खत होतं. लिंबाच्या काड्या मागे राहतात, त्या पुढच्या खड्ड्यात टाक.

हिरव्यासाठी गाजरगवत घालणार असशील, तर ते मात्र फुलावर येण्याआधी उपट, हातमोजे घालून. बी धरलेलं खड्ड्यात नको, नाहीतर खताबरोबर तेच अंगणभर पेरशील.

तरीही पाला उरला, तर पोत्यात भरून ठेव. इथे पुण्यात अदिती देवधर यांनी २०१६ मध्ये ‘ब्राउन लीफ’ हा उपक्रम सुरू केला. त्यात ज्यांच्याकडे पाला जास्त, ते तो बागेसाठी हवा असलेल्यांना देतात. तुझ्या गल्लीत कुंड्या लावणारी दोन-तीन घरं तरी असतीलच. आधी विचारून बघ.

आषाढात वारीच्या आसपास मी येईन. खड्डा उकरून दाखव. माझी जुनी चाळणी माळ्यावर आहे, ती काढून ठेव.

तुझी,
आत्या