नोकरीची पैसेवारी कोण काढणार?

माझ्या शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते थकले आणि त्याचा फटका माझ्या बाबांच्या पेरणीला बसला. दर्यापूर तालुक्यातलं आमचं शेत खारपाणपट्ट्यात आहे. जमिनीखालचं पाणी खारं, म्हणून सगळी भिस्त पावसावर. कपाशी, तूर, मूग आणि ओल टिकली तर रब्बीत हरभरा. दरवर्षी मे-जूनमध्ये पीककर्ज उचलायचं, कापूस विकला की भरायचं आणि पुन्हा नवं-जुनं करायचं, असं बाबांचं वर्षानुवर्षं चाललेलं. त्या खरिपाला बँकेतल्या साहेबांनी संगणकात पाहून सांगितलं, "काका, तुमच्या नावावर थकबाकी दिसते. सिबिल खराब आहे." बाबांनी पीककर्ज कधी बुडवलं नव्हतं. थकबाकी माझी होती, पण सहकर्जदार म्हणून सही त्यांची होती.

घरी आले आणि एवढंच म्हणाले, "शिक्षणाचं कर्ज हाये पोरी, दारूचं नाही. फेडू आपण. तू काहून रडून राहिली?" बियाणं आणि खत त्यांनी त्या वर्षी कृषी केंद्रातून उधारीवर आणलं. उधारीचा माल रोखीपेक्षा महाग पडतो, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगायला लागत नाही.

शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्याने फेडावं की सरकारने माफ करावं, यावर आमच्याकडे पारावरही वाद होतो आणि अमरावतीच्या वसतिगृहांतही. माझं मत या अनुभवातून बनलं आहे. कर्ज फेडलंच पाहिजे. पण हप्ता कॅलेंडर पाहून सुरू होऊ नये, कमाई पाहून सुरू व्हावा. आणि मुलाची नोकरी गेली म्हणून बापाची पेरणी अडता कामा नये.

२०१५ साली अमरावतीच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात मला प्रवेश मिळाला. चार वर्षांचं मिळून चार लाखांचं कर्ज मंजूर झालं. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, फक्त आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. "जमीन गहाण नाही ना? मग भेव कायचं?" असं गावातले लोक म्हणाले आणि आम्हालाही ते पटलं. २०१९ मध्ये पदवी झाली, पुण्यात नोकरी लागली आणि २०२० च्या टाळेबंदीत गेली. अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाची सवलत असते, ती नेमकी त्याच सुमारास संपली. पुढे अकोल्याला एमआयडीसीतल्या एका दालमिलच्या ऑफिसात महिना अकरा हजारांवर लागले. खोलीभाडं आणि डबा वजा जाता हप्त्याला पुरेल एवढं हातात राहत नव्हतं. हप्ता थकून ९० दिवस उलटले की खातं एनपीए होतं. माझंही झालं.

आता आकडे मांडते, कारण प्रवेशाच्या धांदलीत ते कुणी मांडून दाखवत नाही. सोपं जावं म्हणून व्याज १० टक्के धरा. दरवर्षी एक लाख उचललं, चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष सवलत. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. सरळव्याजानेही त्या काळात १ लाख ४० हजार चढतात. म्हणजे चार लाख उचलणारी मुलगी ५ लाख ४० हजारांपासून फेडायला सुरुवात करते. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिना साधारण ७,१३६ रुपये. पंधरा वर्षं घेतली तर हप्ता ५,८०३ वर येतो, पण एकूण भरणा साडेआठ लाखांवरून जवळजवळ साडेदहा लाखांवर जातो. अकरा हजारांच्या पगारात यातला कुठलाच हप्ता बसत नाही.

यातले १ लाख ४० हजार वाचू शकले असते, याचं मला फार वाईट वाटतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर शिक्षणाच्या आणि सवलतीच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. ही योजना २००९ पासून आहे. आमचं उत्पन्न त्या मर्यादेच्या कितीतरी खाली होतं. पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला बँकेत द्यावा लागतो, हे शाखेत आम्हाला कुणी सांगितलं नाही. म्हणून पहिली गोष्ट ही, की कर्जाच्या अर्जासोबतच तहसीलचा दाखला जोडा, व्याज अनुदानाची मागणी वेगळ्या कागदावर लिहून द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. नंतर दरवर्षी खातेउतारा काढून अनुदान जमा झालं का ते बघा. तोंडी विचारलेल्या गोष्टीचा पुरावा राहत नाही.

माझ्या डोक्यात पैसेवारी कशी आली ते सांगते. वऱ्हाडात डिसेंबरअखेर गावाची अंतिम पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, जाहीर होते. ती ५० पैशांच्या आत आली आणि दुष्काळी स्थिती जाहीर झाली, की यंदा पिकलं नाही हे सरकार मान्य करतं. मग जमीन महसुलात सूट मिळते, पीककर्जाचं पुनर्गठन होतं, वीजबिलात सवलत मिळते, विद्यार्थ्यांचं परीक्षा शुल्कसुद्धा माफ होतं. त्याच गावातल्या पदवीधराला नोकरी नसेल किंवा असलेली पोटापुरतीही नसेल, तर ते मोजणारं कुणी नाही. त्याचं पिकलं नाही हे कुठल्याच कागदावर येत नाही. हप्ता मात्र ठरल्या तारखेला लागतो.

"थांब थोडी, माफी येईल," असं मला अनेकांनी सांगितलं. थांबू नका. राज्याच्या २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफी योजना शेतीकर्जासाठी होत्या, शैक्षणिक कर्ज त्यात नव्हतं. केरळने २०१७ मध्ये शैक्षणिक कर्जाच्या परतफेडीला मदत करणारी योजना आणली, आपल्याकडे तशी नाही. शिवाय सरसकट माफी मला पटतही नाही. आज मी फेडणार नाही म्हटलं, तर उद्या माझ्याच गावातल्या मुलीचा अर्ज साहेब बाजूला ठेवतील. बँकेतला पैसा कुणाच्या तरी निवृत्तीचा, कुणाच्या तरी कापसाचा असतो.

पण फेडण्याची इच्छा असणं आणि फेडायला वाव मिळणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, ते परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करण्याच्या करारावर. १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झालेसुद्धा. पण जातीमुळे त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही आणि नोकरी सोडून मुंबईला परतावं लागलं. एवढ्या मोठ्या माणसाचा करार समाजाने मोडायला लावला. आजच्या मुलाला "पैसे बुडवतो" म्हणण्याआधी त्याला कमवायला जागा आहे का, हे पाहायला नको का?

इंग्लंडमध्ये विद्यार्थ्याचा हप्ता पगारातून कापला जातो, तोही ठरावीक उत्पन्नाच्या वरच्या रकमेवर ९ टक्के. पगार त्या मर्यादेखाली गेला की हप्ता बंद. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून कमाईशी बांधलेली परतफेड आहे. तिथेही कर्जाचा बोजा वाढल्याच्या तक्रारी आहेत, ते मान्य. पण नोकरी गेली म्हणून तिथे कुणाच्या बापाचं पीककर्ज अडत नाही.

आपल्याकडे याचं बीज अगदीच नाही असं नाही. भारतीय बँकांच्या संघटनेने केलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत २०१५ च्या सुधारणेपासून अशी तरतूद आहे, की बेरोजगारीच्या किंवा अपुऱ्या रोजगाराच्या काळात कर्जदाराला दोन-तीन वेळा, प्रत्येकी सहा महिन्यांपर्यंत, हप्त्यातून सवलत देता येते. सुरुवातीला लहान आणि पगार वाढेल तसा वाढणारा हप्ताही ठरवता येतो. मुदत पंधरा वर्षांपर्यंत नेता येते. मला हे कळलं तेव्हा खातं एनपीएत गेलेलं होतं. नोकरी सुटली की त्याच आठवड्यात, पहिला हप्ता थकायच्या आधी, शाखेत अर्ज द्या. सोबत कंपनीचं पत्र किंवा पगाराची पावती जोडा. थकल्यानंतर त्याच टेबलावर त्याच माणसाचं बोलणं वेगळं असतं.

आणखी काही गोष्टी. शक्य असेल तर शिकत असतानाच महिन्याचं व्याज भरत जा. वर्षाला एक लाख उचललं तर पहिल्या वर्षी ते महिना आठशे-साडेआठशे पडतं. बाबांचं पीककर्ज किंवा कापसाचे पैसे ज्या बँकेत येतात, तिथे शक्यतो शैक्षणिक कर्ज घेऊ नका. थकबाकी झाली तर त्याच बचत खात्यावर होल्ड लागू शकतो. दुसऱ्या बँकेतलं कर्जही सिबिलमध्ये दिसतंच, पण निदान घरातला रोखीचा झरा उघडा राहतो. पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असं राज्य सरकार बँकांना वारंवार बजावतं. शाखेत अडवलं तर नकार लेखी मागा.

तडजोडीच्या रकमेत खातं बंद करायचं पत्र किंवा लोकअदालतीची नोटीस आली, तर घाई करू नका. रक्कम कमी होते, पण सिबिलमध्ये "सेटल्ड" असा शेरा राहतो आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना तो आडवा येतो. मी पुनर्गठन मागितलं, हप्ता लहान करून घेतला आणि फेडते आहे.

कर्ज घेण्याआधी, न घेता काय मिळतं ते आधी तपासा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नाही. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्याच पंजाबरावांच्या अमरावतीत आमच्या वर्गातल्या किती मुलांना हे माहीत नव्हतं! नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार लागत नाही, पण ती क्रमवारीत वरच्या (सुरुवातीला ८६०) संस्थांसाठीच आहे आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला तिची व्याज सवलत मिळत नाही. कॉलेजचं नाव यादीत पाहूनच तिच्यावर भरवसा ठेवा.

शाखा दाद देत नसेल तर दोन ठिकाणं आहेत. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते, पण आधी बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस गेलेले हवेत. दुसरं ठिकाण म्हणजे जिल्ह्याचे अग्रणी बँक व्यवस्थापक. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या बँकांच्या बैठकीत पीककर्जाचा आढावा हेच मांडतात. थकलेल्या पदवीधरांच्या पुनर्गठनाचा आढावाही त्याच बैठकीत तालुकानिहाय मांडा, असा अर्ज मी अकोल्यात दिला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या मुलांनी आपल्या अग्रणी बँकेकडे तोच द्यावा, आणि अर्जात आपला पगार, हप्ता आणि घरचं पीककर्ज हे तीनही आकडे स्पष्ट लिहावेत.