सोन्याच्या खाणीचा तांत्रिक अहवाल : लहान गुंतवणूकदाराने काय पाहावे?

सोन्याच्या खाणीत पैसा गुंतविणारा सामान्य माणूस प्रत्यक्ष खाण क्वचितच पाहतो. जमिनीखाली काय दडले आहे, हे त्याला कागदावरूनच जाणून घ्यावे लागते. त्यामुळे खाण कंपनीचा तांत्रिक अहवाल समजणे हा त्याच्या बचतीच्या रक्षणाचा प्रश्न ठरतो. कॅनडातील गुंतवणूकदारांना ब्रे-एक्स प्रकरणात हा धडा फार मोठी किंमत मोजून शिकावा लागला.

बुसांगचा अनुभव

कॅल्गरी येथील ब्रे-एक्स कंपनीने इंडोनेशियात, बोर्निओ बेटावरील बुसांग येथे सोने सापडल्याचे जाहीर केले. फेब्रुवारी १९९७ पर्यंत हा अंदाज ७ कोटी १० लाख औंसांवर, म्हणजे सुमारे २,२०० टनांवर पोहोचला. फ्रीपोर्ट या भागीदार होऊ पाहणाऱ्या कंपनीने जुन्या छिद्रांशेजारी नवी छिद्रे घेतली, तेव्हा सोने नगण्य आढळले. २६ मार्च १९९७ रोजी हे जाहीर झाले. मे महिन्यात स्ट्रॅथकोना या स्वतंत्र सल्लागार संस्थेने नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचे स्पष्ट केले. अल्बर्टा प्रांतातील सेंट पॉल या छोट्या गावातील अनेक रहिवासी आणि ओंटारिओच्या शिक्षकांचा निवृत्तिवेतन निधी यांचाही पैसा बुडाला.

छिद्रातून काढलेली खडकाची कांडी उभी कापून अर्धा भाग प्रयोगशाळेकडे पाठवावयाचा व अर्धा जपून ठेवावयाचा, अशी सर्वसाधारण प्रथा आहे. बुसांग येथे जवळजवळ संपूर्ण कांडी चिरडली जात असे. साहजिकच फेरतपासणीसाठी फारसा पुरावा उरला नाही.

नवा नियम

या प्रकरणानंतर कॅनडाने १ फेब्रुवारी २००१ पासून 'राष्ट्रीय नियमपत्र ४३-१०१' लागू केले. त्यानुसार अहवालाची जबाबदारी पात्र तज्ज्ञाने स्वतःच्या नावाने घ्यावी लागते. स्थळाची पाहणी, नमुन्यांची सुरक्षितता व आकड्यांची पडताळणी यांची माहितीही द्यावी लागते.

वाचताना पुढील चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, साठ्याचा वर्ग. 'अनुमानित', 'निर्देशित' आणि 'मापित' असे खनिजसंपत्तीचे चढत्या खात्रीचे तीन वर्ग आहेत. अनुमानित आकडा अन्य वर्गांत मिळवून दाखविण्यास मनाई आहे. खर्च वजा जाता फायद्याने काढता येईल असे सिद्ध झालेल्या भागासच 'राखीव साठा' म्हणतात.

दुसरी, सरासरी. वीस मीटर लांबीत टनामागे सरासरी ५ ग्रॅम सोने, हे वाक्य आकर्षक वाटते. परंतु एकाच मीटरमध्ये ८१ ग्रॅम आणि उरलेल्या १९ मीटरमध्ये प्रत्येकी १ ग्रॅम असले, तरी सरासरी ५ च येते. म्हणून मधल्या लांबींचे तपशील वाचावेत.

तिसरी, हाती येणारे सोने. एक कोटी टन खडकात टनामागे २ ग्रॅम सोने असल्यास एकूण २० टन होते. त्यातील नव्वद टक्केच वेगळे करता आले, तर १८ टन उरते. उत्खननात वाया जाणारा भाग आणखी वेगळा.

चौथी, अहवाल लिहिणारा तज्ज्ञ. तो कंपनीचा नोकर आहे की स्वतंत्र, त्याने स्थळ केव्हा पाहिले आणि नमुने स्वतः तपासले काय, हे अहवालातच नमूद असते.

कंपनीची प्रसिद्धिपत्रके उत्तम आकडा पुढे ठेवतात. त्याच्या मर्यादा मूळ अहवालात सापडतात. ब्रे-एक्स प्रकरणी कॅनडात कोणासही फौजदारी शिक्षा झाली नाही. बुडालेल्या पैशाची भरपाई न्यायालयातून होईलच असे नाही. तेव्हा पैसा देण्यापूर्वी नमुने कोणी घेतले, कोणी तपासले आणि अर्धी कांडी कोठे ठेवली आहे, हे प्रश्न प्रत्येक गुंतवणूकदाराने अवश्य विचारावेत.