थकव्यावर एनएडीचे इंजेक्शन घ्यावे का?

प्रश्न : वय ५८. सतत थकवा असतो. एनएडीच्या इंजेक्शनाने पेशींना ऊर्जा मिळते आणि वय मागे जाते, असे कळले. घ्यावे का?
– एक वाचक, भायखळा

उत्तर : एनएडी हे सहविकर (कोएन्झाइम) आहे. अन्नातून ऊर्जा तयार होताना ते इलेक्ट्रॉन वाहून नेते. ते स्वतः ऊर्जा नव्हे. १९०६ मध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांना यीस्टच्या अभ्यासात त्याचा सुगावा लागला. शरीर ते मुख्यतः ब३ जीवनसत्त्वापासून बनवते. ब३ फारच कमी पडले तर पेलाग्रा हा आजार होतो. दख्खनमध्ये निव्वळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत तो दिसे, आणि ब३च्या साध्या गोळ्यांनी बरा होई.

वयानुसार काही ऊतींमधले एनएडी घटते, हे खरे. पण इंजेक्शनाने माणसाचे वार्धक्य लांबणीवर पडते, याचा भक्कम पुरावा नाही. शिरेतून भराभर दिल्यास मळमळ, धडधड, छातीत दडपण जाणवते. कर्करोग होऊन गेला असल्यास विशेष जपावे.

थकव्याचे कारण बहुधा साधे आणि बरे होण्याजोगे असते. आधी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि ब१२ तपासून घ्यावे. त्यासाठी जवळच्या जे. जे. रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत दाखवता येईल. झोप आणि चालू औषधे यांविषयीही तिथे मोकळेपणाने सांगावे.