खिडकीच्या चौकटीला रंग देताना : घाई नको, धूळ तर नकोच



पाऊस उघडला, दसरा जवळ आला की घराघरात रंगाचे डबे येतात. भिंतींचं काम बहुतेक वेळा रंगाऱ्याकडे जातं. खिडक्या-दारं मात्र "आपणच करू, तेवढीच मजुरी वाचेल" म्हणून घरातल्या बायकाच रंगवतात. कोणी त्यासाठी गटातून अंतर्गत कर्जही घेतलेलं असतं. पण पुढच्या पावसाळ्यात त्याच खिडकीचे पोपडे निघायला लागतात आणि कर्जाचा हप्ता अजून चालूच असतो. मग आपण म्हणतो, रंग हलका होता. खरं तर बहुतेक वेळा चूक डबा उघडायच्या आधीच झालेली असते.

या पाठात आपण नेहमी होणाऱ्या सात चुका बघू. पहिली चूक पैशाची नाही, लेकरांच्या तब्येतीची आहे, म्हणून ती आधी घेते.

१. जुना रंग कोरडा घासणं

पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं मिसळलेलं असायचं. (शिसवी लाकूड किंवा शिसपेन्सिल यांच्याशी याचा संबंध नाही. हे शिसं म्हणजे विषारी धातू.) आपल्या देशात २०१६ साली नियम आला. त्यानुसार नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. त्याआधी लावलेल्या रंगात किती शिसं आहे ते डोळ्यांनी कळत नाही. म्हणून जुना रंग दिसला की त्यात शिसं आहे असंच धरून चाला.

कोरडा पॉलिश पेपर मारला की त्याची बारीक धूळ घरभर बसते. रांगणारं मूल जमिनीवर हात टेकवतं आणि तोच हात तोंडात घालतं. शिशामुळे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि पुष्कळदा वरून काहीच लक्षण दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. अंगात लोह कमी असेल तर शरीर शिसं जास्त शोषून घेतं, आणि आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका-मुलं किती आहेत हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. गरोदर बाईच्या रक्तातून ते बाळापर्यंतही पोहोचतं.

म्हणून हे पाळा :
- लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी दुसऱ्या घरी राहू देत.
- खिडकीखाली जाड प्लॅस्टिक अंथरा. भांडी, पाण्याचे हंडे, धान्य बाहेर काढा किंवा झाकून ठेवा.
- जुना रंग पाण्याने ओला करून काळ्या वॉटर पेपरने घासा. जो रंग घट्ट बसलाय तो खरवडू नका, फक्त त्याची चकाकी जाईल इतकंच घासा.
- नाकाला ओढणी बांधून बारीक धूळ अडत नाही. एन-९५ मास्क वापरा.
- झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. कामाचे कपडे वेगळे धुवा. हात-तोंड धुतल्याशिवाय चहासुद्धा नको.
- निघालेले पोपडे पिशवीत बांधून ग्रामपंचायतीच्या कचरागाडीत वेगळे द्या. उकिरड्यावर टाकू नका. घासलेलं पाणी परसबागेत किंवा विहिरीजवळ ओतू नका.

आणखी एक महत्त्वाचं. जुनी रंगवलेली चौकट फोडून चुलीत किंवा बंबात घालू नका. धुरातून शिसं पोटात जातं आणि उरलेलं राखेत राहतं. त्याच राखेने आपण भांडी घासतो!

२. ओल्या लाकडावर रंग

चार महिने पाऊस प्यायलेलं लाकूड वरून कोरडं दिसतं, पण आत ओल असते. वरून रंग लावला की ती ओल बाहेर पडायला बघते आणि रंगाला फोड येतात. पाऊस थांबल्यावर निदान दोन-तीन आठवडे कडक ऊन मिळू द्या. त्यासाठी दिवाळीनंतर काम निघालं तरी चालेल. ओला पेपर मारल्यावरही एक पूर्ण दिवस वाळू द्या. थंडीत दव पडतं, म्हणून दुपारी तीन-चारपर्यंत हात थांबवा. आणि भर उन्हात तापलेल्या चौकटीवरही रंग नको, ब्रश फिरवेपर्यंतच तो सुकून ब्रशच्या रेघा उमटतात.

३. काजळी आणि तेलकटपणा तसाच ठेवणं

स्वयंपाकघराच्या खिडकीवर चुलीचा धूर आणि फोडणीचं तेल बसलेलं असतं. त्यावर रंग धरत नाही. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, मग साध्या पाण्याने दोनदा पुसा आणि वाळू द्या. हातात रबरी मोजे घाला.

४. कुजलेलं लाकूड रंगाखाली झाकणं

चौकटीचा खालचा आडवा भाग आणि कोपऱ्यातले सांधे स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय. ठोकल्यावर पोकळ वाजलं तर वाळवीचा संशय घ्या. अशा वेळी आधी सुताराला बोलवा. बारीक भेगा आणि खिळ्यांची भोकं असतील तर प्रायमरचा पहिला हात दिल्यावर लांबी भरा आणि वाळल्यावर हलका पेपर मारा.

५. प्रायमर वाचवणं

एका बैठकीत एक काकू म्हणाल्या, "अगं, प्रायमर कशाला? त्यापेक्षा रंगाचाच एक हात जास्त देऊ की." हिशोब वरवर बरोबर वाटतो. पण उघडं लाकूड रंगातलं तेल पिऊन घेतं आणि वर उरतो तो कोरडा, निस्तेज थर. लाकडाला लाकडाचा प्रायमर द्या. गजांचा गंज तारेच्या ब्रशने काढून त्याच दिवशी लोखंडाचा प्रायमर लावा, रात्रभर ठेवलं तर गंज पुन्हा धरतो. (गज आधी रंगवलेले असतील तर तिथेही पहिल्या चुकीतली काळजी घ्या.) भिंतीचा उरलेला डिस्टेंपर चौकटीला मारू नका, पहिल्या पावसात तो धुऊन जातो.

६. एकच जाड हात देणं

जाड रंगाला ओघळ येतात, वरून साय धरते आणि आतून तो ओलाच राहतो. दोन पातळ हात द्या आणि मध्ये डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबा. रंग पातळ करायला डब्यावर सांगितलेलंच थिनर त्या प्रमाणात घ्या. रॉकेल-पेट्रोल घालू नका, रंगही बिघडतो आणि आगीची भीती असते. थिनरची फडकी चुलीपासून लांब ठेवा.

७. कडा विसरणं आणि झडपा लावून टाकणं

झडपेची खालची कड दिसत नाही, म्हणून ती कोरीच राहते. पाणी नेमकं तिथूनच आत शिरतं. ती आधी रंगवा. मग खाचा, मग झडपा आणि शेवटी चौकट. बिजागरी आणि कडी-कोयंड्यावर रंग नको. काच बसते तिथे बाहेरून रंग काचेवर केसभर येऊ द्या, म्हणजे फटीतून पाणी जात नाही. काम सकाळी लवकर सुरू करा. संध्याकाळी झडपा पूर्ण लावू नका, मध्ये काडी ठेवा, नाहीतर त्या चौकटीला चिकटतात. पावसाळ्यात खिडकी घट्ट होते म्हणून लगेच रंधा मारू नका. लाकूड फुगलेलं असतं, उन्हाळ्यात ते आवळतं आणि मग फट पडते.

रंग किती लागेल?

३ फूट × ४ फुटांच्या तीन खिडक्या धरू. एका बाजूचं क्षेत्र १२ चौरस फूट, दोन्ही बाजू मिळून २४. तीन खिडक्यांचे ७२. दोन हात म्हणजे १४४ चौरस फूट. समजा डब्यावर "एका लिटरला एका हातासाठी १०० चौरस फूट" लिहिलंय, तर दीड लिटर पुरे. काचेची जागा वजा केलेली नाही, त्यामुळे कमी पडणार नाही. विकत घेताना डब्यावर शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नाही असं छापलंय का आणि बनवल्याची तारीख काय आहे, ते वाचा. सुट्टा, लेबल नसलेला रंग स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. बिल मागून घ्या.

गटाच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्यापैकी कोणाच्या घरी २०१७ च्या आधीचा रंग पोपडे धरतोय? त्या घरात सहा वर्षांखालची मुलं आहेत का? असतील तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना हे सांगा आणि शिशाची रक्त तपासणी कुठे होते ते विचारा.
२. अंगणवाडीच्या आणि शाळेच्या खिडक्यांचा रंग कसा आहे? रंगकाम निघालं तर ते सुट्टीत आणि ओलं घासूनच व्हावं, हे ग्रामसभेत कोण मांडेल?
३. वॉटर पेपर, तारेचा ब्रश आणि जाड प्लॅस्टिक गटाने एकदाच घेऊन आळीपाळीने वापरता येईल का?

तिसऱ्या प्रश्नावर काय ठरलं ते बैठकीच्या इतिवृत्तात लिहा आणि तुमच्या सीआरपी ताईंकडे द्या. ज्या गटांना हात लावून शिकायचंय त्यांनी नाव कळवा, एखाद्या ताईच्याच खिडकीवर आपण मिळून काम करू.