मुंबईच्या बाजाराकरिता मालमोटार केवढी घ्यावी?

फळे-भाज्यांची घाऊक पेठ १९९६ साली मुंबईतून वाशीस गेली, तरी दादर स्थानकालगतचे पहाटेचे भाजीबाजार व फूलबाजार आजही गजबजलेले आहेत. २०१६ साली शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केल्यापासून स्वतःचा माल परळ, लालबाग, गिरगावपर्यंत नेण्याची वाटही मोकळी झाली आहे. अशा वेळी मालमोटारीचे माप चुकले, तर पिकाचा नफा कर्जाच्या हप्त्यांत जातो. म्हणून या प्रश्नाचा येथे क्रमाने विचार करू.

पहिली गोष्ट वजनाची. विक्रेता तोंडाने सांगतो तो आकडा प्रमाण मानू नये. नोंदणीपत्रात रिकाम्या गाडीचे वजन व भरलेल्या गाडीचे कमाल वजन दिलेले असते. त्यांची वजाबाकी हीच खरी भारक्षमता. समजा, ती १,२०० किलो आली. चालक व सोबती मिळून १५० किलो वजा जाता १,०५० उरतात. २० किलो टोमॅटोचे क्रेट स्वतःच्या २ किलो वजनासह २२ किलो भरते. म्हणजे ४७ क्रेट बसतील, आणि उरलेल्या १६ किलोंत ताडपत्री व दोर. अठ्ठेचाळिसावे क्रेट कायद्याबाहेर होय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारास २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल वाटेतच उतरवावा लागतो.

दुसरी गोष्ट आकारमानाची. टोमॅटो व कांदा गाडीस वजनाने भरतात, झेंडू आकाराने. दसऱ्याच्या तोंडावर फुले दडपून भरली, तर तळची तापून काळी पडतात व दर कोसळतो. कांद्यास मजबूत पाटे हवेत, फुलांस लांब हौदा व खेळती हवा.

तिसरी गोष्ट वाटेची. जुन्नरचा माल माळशेज घाटाने उतरतो, नाशिकचा कसाऱ्याने. चढणीस इंजिनाचा जोर लागतो, परंतु उतारावर जीव ब्रेकांवर असतो. घाट ज्या गियरमध्ये चढावा त्याच गियरमध्ये उतरावा. पुढे शहरात भुलेश्वर-गिरगावच्या गल्ल्यांत मोठी गाडी वळत नाही, आणि अवजड वाहनांस ठरावीक वेळी बंदी असते. वाहतूक पोलिसांची चालू अधिसूचना आधी पाहावी. मागे ट्रेलर ओढण्याचा मोह तर टाळावाच. कारखान्याने ओढण्याची क्षमता लिहून दिली नसेल, तर घाटात तो भार गाडीसच ढकलू लागतो.

सारांश, गाडी सणाच्या मालावरून नव्हे, वर्षातील नेहमीच्या आठवड्याच्या मालावरून निवडावी. दसरा-दिवाळीपुरती दुसरी भाड्याने घ्यावी, अथवा गावातील तिघांनी मिळून वापरावी. दोन महिने भरून धावणारी व दहा महिने अंगणात उभी राहणारी गाडी शेतकऱ्याची नव्हे, सावकाराची होय.