दुकानाचा कॉम्प्युटर सकाळी सुरूच होत नाही? ‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी हे वाचा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी माझ्या दुकानातला जुना, असेंबल केलेला कॉम्प्युटर टेबलावर उघडून दाखवलाय. व्हिडिओ बघताना नोंदी घेता येत नाहीत, म्हणून तेच सगळं इथे क्रमाने लिहितोय. हे पान प्रिंट काढून काउंटरच्या आत चिकटवून ठेवा.

आधी माझी चूक सांगतो, कारण ती मला महागात पडली.

2018 चा एप्रिल. जळगावात आमचं भांड्यांचं दुकान. आखाजी दोन दिवसांवर, लग्नसराई जोरात, आणि 20 तारखेला जीएसटीचं 3बी भरायचं. सकाळी शटर उघडलं, कॉम्प्युटर लावला. कंपनीचं चिन्ह आलं, विंडोज सुरू होतंय असं दिसलं, निळी स्क्रीन चमकली आणि मशीन परत पहिल्यापासून सुरू. दहा वेळा तेच. रिपेअरवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, “विंडोज उडालं, फॉरमॅट मारावं लागेल.” गिऱ्हाईक समोर उभं होतं. मी म्हणालो, “मारा.”

त्या एका शब्दात चौदा महिन्यांची उधारी गेली. कोणाकडे किती बाकी, ते फक्त त्या डिस्कवर होतं. बॅकअप नव्हता.

खरी गंमत पुढे. कॉम्प्युटर चालू झाला, पण रोज सकाळी तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षाची. बिलावर चुकीची तारीख छापली जायची, जीएसटीचं पोर्टल उघडायचं नाही. शेवटी गोलाणी मार्केटमधल्या एका जुन्या जाणत्या दादांकडे मशीन नेलं. त्यांनी झाकण उघडलं आणि म्हणाले, “भो, याचा सेल गेलाय.” मदरबोर्डवरचा रुपयाएवढा गोल सेल! तो संपला की मशीन स्वतःच्या सेटिंग विसरतं. त्यात हार्ड डिस्कशी बोलायची सेटिंगही मूळ जागी गेली होती, म्हणून विंडोज अडत होतं. विंडोज उडालं नव्हतं, डिस्क ठणठणीत होती. नवीन सेल टाकून ती एक सेटिंग परत लावली असती, तर उधारी वाचली असती.

म्हणून पहिला नियम पाठ करा: कॉम्प्युटर बंद पडला म्हणजे डेटा गेला असं नाही. डेटा हार्ड डिस्कवर असतो. ती काढून दुसऱ्या मशीनला लावता येते. डेटा बाहेर काढल्याशिवाय ‘फॉरमॅट’ला हो म्हणायचं नाही.

आधी बघा, ऐका, लिहा

डॉक्टर आधी विचारतो, “नेमकं काय होतंय?” तुम्हीही तेच विचारा. दिवा लागतो का? पंखा फिरतो का? बीप वाजते का? स्क्रीनवर काय येतं? मोबाईलवर फोटो काढा. यावरून बिघाड पाचपैकी एका प्रकारात बसतो.

1. काहीच नाही – दिवा नाही, पंखा नाही

बिघाड विजेच्या वाटेवर आहे. त्याच सॉकेटला मोबाईल चार्जर लावून बघा. मग एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस बाजूला ठेवून वायर सरळ भिंतीच्या सॉकेटला लावा. बऱ्याचदा यूपीएसची बॅटरी मेलेली असते आणि दोष कॉम्प्युटरला लागतो. कॅबिनेटच्या मागे छोटा स्विच असतो, झाडू मारताना तो बंद होतो, तोही बघा. इतकं करूनही काही नाही, तर संशय एसएमपीएसवर. ओळखीच्या दुकानातून दुसरा लावून तपासून घ्या. एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. वायर काढल्यावरही आत करंट साठलेला असतो.

2. पंखा फिरतो, स्क्रीन काळी

आधी मॉनिटरचा दिवा आणि दोन्ही टोकांची केबल बघा. ती ठीक असेल तर पुढचा संशय रॅमवर. जुन्या मशीनमध्ये धूळ आणि दमटपणाने रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. रॅम काढून पट्ट्यांवर शाळेतला खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कचरा झटका, परत ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा, कोणती खराब ते कळेल. वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर तेही काढून पुन्हा घट्ट बसवा.

3. कंपनीचं चिन्ह येतं, पुढे जात नाही

सर्वात आधी यूएसबीला विसरलेला पेनड्राइव्ह काढा. मशीन कधी कधी त्यातच विंडोज शोधत बसतं. मग तारीख बघा. चुकली असेल तर सेल बदला. बहुतेक बोर्डांना ‘सीआर 2032’ हा 3 व्होल्टचा सेल लागतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सेल बदलल्यावर सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख, डिस्कची सेटिंग आणि कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते लावा. या सेटिंगचे फोटो आजच, मशीन चालू असताना काढून ठेवा.

डिस्कच दिसत नसेल तर तिच्या दोन्ही केबल काढून परत लावा. शक्य असेल तर डेटा केबल बदलून बघा.

4. सुरू होतो, थोड्या वेळात बंद पडतो

हा आपल्या खान्देशातला खास आजार. मे महिन्यात जळगावचा पारा 44 च्या पुढे जातो. पत्र्याच्या गाळ्यात, काउंटरखाली, भिंतीला चिकटवलेल्या कॅबिनेटचं काय होत असेल? प्रोसेसर तापला की मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. ब्लोअरने धूळ काढा, पण पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. प्रोसेसरवरची पेस्ट अनेक वर्षांत वाळते, ती नवीन लावून घ्या. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

5. आतून ‘टक-टक’ आवाज

इथे हात जोडतो, थांबा. हा हार्ड डिस्कचा शेवटचा इशारा असू शकतो. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, प्रत्येक वेळी नुकसान वाढतं. मशीन बंद करा आणि आधी डेटा काढणाऱ्याकडे जा.

दुरुस्ती की नवीन?

धुळ्याच्या बॅचमध्ये हा प्रश्न हमखास येतो. उत्तर भावनेने नाही, वहीवर द्या. समजा दुरुस्तीला 4,500 रुपये लागतात आणि नवीन सेट 25,000 चा आहे. दुरुस्तीने मशीन तीन वर्षं चालणार असेल तर वर्षाला 1,500 पडले. पण सहा महिन्यांत पुन्हा बंद पडणार असेल, तर ते 4,500 पाण्यात. त्यात बंद पडलेल्या दिवसाचा धंदाही धरा.

आणखी एक गोष्ट. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. दहा-बारा वर्षांपूर्वीची मशीन विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. त्यामुळे सेल, रॅम, केबल, पेस्ट इतका किरकोळ खर्च जरूर करा. मदरबोर्डच गेला, तर जुन्यावर मोठा पैसा घालू नका.

बॅकअप म्हणजे दुकानाचं दुसरं कुलूप

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या वह्या, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नोंदीसुद्धा, त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळायच्या असतात. “कॉम्प्युटर बिघडला होता” हे उत्तर तिथे चालत नाही. माझी पद्धत साधी आहे: रोज शटर पाडण्याआधी पेनड्राइव्हवर एक कॉपी, ती माझ्यासोबत घरी येते. आठवड्याला एक कॉपी ऑनलाइन. आणि महिन्यातून एकदा ती कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची. उघडून न बघितलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे.

माझी उधारी किती परत आली? जे प्रामाणिक होते ते स्वतःहून आले. एक आजी तर आखाजीला नेलेल्या पातेल्याचे पैसे घेऊन चार महिन्यांनी आल्या, म्हणाल्या, “बाळा, तुझ्या डब्यात लिहिलेलं असेलच ना?” मी नुसता हसलो. पण सगळेच काही त्या आजी नसतात, आणि धंदा लोकांच्या आठवणीवर चालवायचा नसतो.

आजचा गृहपाठ: सेटिंगचे फोटो काढा, डेटाची एक कॉपी घरी न्या, आणि कॅबिनेट वीतभर पुढे ओढा. अर्ध्या तासाचं काम आहे. आज रात्री शटर पाडायच्या आधीच करून टाका.